वाचनालयातील सागरी मत्स्यालयाचा स्किमर पावसाळ्यापूर्वी सुरक्षित करण्यासाठी आवाहन

सर्व सभासद, देणगीदार व हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या तळमजल्यावरील आपले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. क्लाउनफिशची जोडी, खडकावर पसरलेले बटण प्रवाळ आणि काचेपाशी येणारी कोळंबी पाहायला दर रविवारी मुलांची गर्दी होते. कायद्याने संरक्षित असलेले कठीण प्रवाळ आपण कधीही ठेवले नाहीत, याचा मंडळाला अभिमान आहे. या टाकीखालच्या कपाटातील सम्पमध्ये, म्हणजे पाणी शुद्ध होऊन वर परतते त्या खालच्या टाकीत, रात्रंदिवस चालणाऱ्या प्रोटीन स्किमरकडे, म्हणजे पाण्यातील मळ फेसावाटे काढणाऱ्या यंत्राकडे, मात्र कोणाचे सहसा लक्ष जात नाही, आणि हे आवाहन त्याच्यासाठीच आहे.

या टाकीत मंडळाच्या तिजोरीपेक्षा माणसांचा वाटा मोठा आहे. बाजारपेठेतील काचवाल्या बंधूंनी १२ मिलिमीटर जाडीची काच स्वतः कापून, कडा घासून दिली आणि मजुरीचा एक रुपयाही घेतला नाही. आपले दिवंगत माजी अध्यक्ष, ज्यांना आपण सारे भाऊ म्हणत असू, त्यांनी पहिल्या वर्षाचे मीठ आणि दिवे आपल्या निवृत्तिवेतनातून आणले, आणि पावतीवर नाव घालू नका असे बजावले. स्किमर दुबईला नोकरी करणाऱ्या आपल्या सभासदाने सामानातले स्वतःचे कपडे कमी करून आणला. पाणी आपोआप भरण्याची सोय (ऑटो टॉप-ऑफ) होण्याआधी समोरच्या घरातील काकू दररोज संध्याकाळी आरओचे पाणी मोजून टाकीत घालीत, आणि सणवारीही त्यांचा खाडा झाला नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभे राहिले तेही एका दानशूर पारशी गृहस्थांच्या दोन लाखांच्या देणगीचा आधार मिळाल्यामुळे. आपला व्याप त्यामानाने लहान असला, तरी देणाऱ्यांचे मन तेवढेच मोठे होते.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. सम्पमधले पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबला आणि वरच्या टाकीतील पाणी नळीवाटे सम्पमध्ये उतरू लागले. टाकीचा पृष्ठभाग १२० बाय ६० सेंटिमीटर असल्याने पातळी एका सेंटिमीटरने उतरली तरी सात लिटरहून अधिक पाणी खाली येते. हे उतरणे थांबावे म्हणून रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक ठेवलेले असते. पातळी त्याखाली गेली की नळीत हवा शिरते आणि सायफन, म्हणजे नळीतून पाणी आपोआप ओढले जाणे, तुटतो. त्या रात्री नेमकी त्याच भोकात एक इवलीशी गोगलगाय जाऊन बसली होती. सम्प काठोकाठ भरला, आणि पहाटे वीज येताच स्किमर व रिटर्न पंप एकदमच सुरू झाले.

स्किमरला ठरावीक खोलीचेच पाणी लागते. त्याचा पंप हवा ओढून पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, पाण्यातील सेंद्रिय मळ त्यांना चिकटतो आणि मानेतून घट्ट फेस होऊन कपात पडतो. बाहेरची पातळी वाढली की आतले पाणीही मानेत चढते, आणि फेसाऐवजी पाणीच कपात ओसंडते. तसेच झाले. कपात साचलेला काळपट मळ पाण्याबरोबर वाहून बाहेरच्या कॅनमध्ये गेला, आणि कॅन भरल्यावर ते दुर्गंधीचे पाणी बालविभागाच्या कपाटापर्यंत पोहोचले. त्याहून घातक गोष्ट अशी की, स्किमर खारे पाणी बाहेर टाकत राहिला आणि घटलेली पातळी भरून काढण्यासाठी ऑटो टॉप-ऑफ त्याजागी गोडे पाणी ओतत राहिला. सकाळी वर्तमानपत्रे लावायला आलेल्या मावशींनी आरडाओरडा करून बटणे बंद करवली, तोवर हजारी ३५ असलेला खारेपणा ३१ वर आला होता. कोळंबी गेली, आणि बटण प्रवाळ कित्येक दिवस मिटूनच राहिले.

रिटर्नच्या नळीला पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवला म्हणजे भागेल, असे काही सभासदांनी सुचवले. त्यांच्या आस्थेचा आदर राखून सांगावेसे वाटते की, अशा वॉल्व्हमध्ये कालांतराने चुन्याचा थर बसतो, तो पुरता मिटत नाही आणि नको त्या रात्री दगा देतो. म्हणून नळीला दुसरे भोक पाडणे, सम्पमध्ये परत येणारे सगळे पाणी मावेल एवढी जागा रिकामी राखणे, आणि स्किमरच्या कप्प्याची आडवी काच योग्य उंचीची करून बाष्पीभवनाने तेथील पातळी हलणार नाही अशी व्यवस्था करणे आवश्यक आहे. वीज आल्यावर रिटर्न पंप आधी सुरू व्हावा आणि पातळी स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण दहा मिनिटांनी, स्किमर सुरू व्हावा यासाठी टायमर रिले लागेल. कपात व कॅनमध्ये फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर उचलला जाणारा तरंगता स्विच) बसवल्यास ते भरताच स्किमरची वीज तुटेल. ऑटो टॉप-ऑफचे पिंप लहान ठेवायचे आहे, म्हणजे बिघाड झाला तरी टाकी गोडी होण्याइतके पाणी त्यात असणारच नाही.

भेट देणाऱ्यांनाही एक कळकळीची विनंती आहे. कृपया टाकीत हात घालू नये आणि मुलांनाही घालू देऊ नये. साबणाचा थोडासा अंश गेला तरी फेस आवरत नाही, आणि तेलकट हात बुडाला तर फेस धरतच नाही.

गेल्या वर्षीही आम्ही असेच पत्रक काढले होते. ते अनेकांनी वाचले, मात्र मदतीला जेमतेम चार-पाच जण पुढे आले. ज्या टाकीपुढे आपल्या नातवंडांचे वाढदिवसाचे फोटो निघतात, तिच्या एका स्विचसाठी दारोदार फिरावे लागते याचे वाईट वाटते, आणि ते आपल्या माणसांना नाही तर कोणाला सांगायचे?

एकूण खर्च सुमारे ३८,५०० रुपये असून त्यापैकी ११,००० जमा आहेत. देणगी रोख किंवा मंडळाच्या नावाच्या धनादेशाने वाचनालयाच्या कार्यालयात सायंकाळी ६ ते ८ (सोमवार बंद) स्वीकारली जाईल व पावती लगेच मिळेल. काचकाम व वायरिंग जाणणाऱ्यांनी, तसेच दर दोन दिवसांनी कप धुऊन नळीचे भोक तपासण्याची पाळी घेऊ इच्छिणाऱ्यांनी तेथील वहीत नाव लिहावे. काम मृगापूर्वी संपवायचे असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारपर्यंत कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)