शनिवारची बर्क सहल: आठवण आणि थोडी माहिती

मंडळी, नमस्कार. शनिवारी आपण व्हर्मांटच्या बर्क डोंगरावर स्कीइंगला जातोय. बॉस्टनहून सकाळी साडेसहाला निघायचं, म्हणजे साडेसहालाच!

मुलांना आधीच सांगून ठेवा: डोंगराजवळच बर्क माउंटन अकॅडमी आहे. १९७० साली सुरू झालेली ही स्कीपटू घडवणारी शाळा अगदी छोटी, पण अमेरिकेची नामवंत स्कीपटू मिकाएला शिफ्रिन इथलीच. २०१३ साली शाळा संपली आणि पुढच्याच फेब्रुवारीत, अठराव्या वर्षी, सोचीला स्लॅलमचं (काठ्यांमधून वळणं घेत उतरण्याची शर्यत) ऑलिंपिक सुवर्ण! २०२५ मध्ये तिने शंभरावी विश्वचषक शर्यत जिंकली. अल्पाइन स्कीइंगमध्ये, म्हणजे डोंगरउतारावरच्या शर्यतींत, तोवर कुणीच तिथवर पोचलं नव्हतं. तिच्याआधीची इथलीच डायान रॉफ मात्र उगाच विसरली जाते. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचं (काठ्या लांब लांब असलेली स्लॅलम) रौप्य, १९९४ मध्ये लिलेहामरला सुपर-जीचं (त्याहून वेगवान शर्यत) सुवर्ण तिचं.

उतारावर लाल-निळ्या काठ्या रोवलेल्या दिसल्या, तर तिथे सराव चालू असतो. दोरीबाहेर उभं राहून खुशाल बघा, आत घुसू नका. शाळेच्या आवारातही विनापरवानगी जायचं नाही, सेल्फीसाठी तर नाहीच.

हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. लिफ्टची तिकिटं ज्याची त्याने ऑनलाइन काढा. डबे घरून आणा. पोहे आपल्याकडे आहेत. गाडीत जागा हवी असेल तर गुरुवार रात्रीपर्यंत इथेच कळवा.