‘तुम्पुकु’ म्हणालात, त्याबद्दल

ती. सर,
सा. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. लेक इंग्रजीत सांगेलच, पदरची मीठमिरची लावून. लेकाचा डीएनए रिपोर्ट तुम्ही आम्हाला समजावून सांगितलात, त्याबद्दल इंग्रजीत आभार मी त्याच रात्री मानले होते, दोन ओळींत, पण माझंच समाधान झालं नाही. शिवाय ज्यांनी हे वाचावं असं मला वाटतं, त्यातल्या बऱ्याच जणांना मराठी चांगलं येतं.

माझ्या नवऱ्याचा जन्म तोआमासिनाचा, मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरातला. वाढला अनाथालयात. आमची गाठ पडली मॉरिशसमध्ये, एका हॉटेलात. तो आचारी, मी हिशेब बघायचे. वडिलांचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या फॉर्मवर त्या रकान्यात त्याने पट्टी लावून एक सरळ रेघ मारली. रेघ मारताना जीभ दाताखाली धरली होती, ते मला अजून दिसतं. तुमच्या मादागास्करात राझानांचं, म्हणजे पूर्वजांचं, केवढं प्रस्थ असतं ते त्याच्याकडूनच ऐकलेलं. तिकडच्या डोंगराळ भागात पूर्वजांना कबरीतून बाहेर काढून नव्या वस्त्रात गुंडाळतात, वाजतगाजत मिरवतात आणि पुन्हा ठेवतात. हे सगळं तो रंगवून सांगायचा, दुसऱ्याच्या घरातलं लग्न सांगावं तसं.

तो गेला त्याला आता तीन वर्षं होतील. मी लेकाला घेऊन माहेरी आले, मालवणजवळ देवबागला. पहिल्या पितृपक्षात आईने हट्टच धरला की जावयाचं पान वाढायचं. भटजींनी बाप, आजा, पणजा अशी तीन नावं विचारली. माझ्याकडे एकच होतं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात. नावांचं आपण बघून घेऊ.” एवढंच. त्या माणसाचंही कधीतरी वेगळं ऋण फेडायला हवं.

लेक चौदाचा झाला आणि त्यालाच तो रकाना भरायची घाई झाली. बापाचं वाय गुणसूत्र मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं उतरतं, त्यात आईकडचं काही मिसळत नाही, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. डीएनए चाचणीला पाठवली लाळ. आला रिपोर्ट. वंशगट ओ, म्हणजे बापाकडच्या रेषेचं मोठं कूळ, आणि त्यातली फांदी एम११०. सोबत एक नकाशा, त्यात पूर्व आणि आग्नेय आशिया गडद रंगवलेला. आफ्रिकेच्या अंगाला साधा ठिपका नाही.

आता गाऱ्हाणं सांगते, मग पुढचं. चाचणी करणाऱ्यांच्या सल्लागाराशी बोलायला मी वेगळे पैसे भरले होते. पंधरा मिनिटं. त्यातली दहा त्यांनी नकाशातले रंग वाचून दाखवण्यात घालवली. मग म्हणाले, “वडील आफ्रिकेकडचे सांगताय, आणि पुरुषांची रेषा तर पूर्व आशियाची दिसते. मॅडम, एकदा घरी विचारून बघा.” फोन स्पीकरवर होता. लेक शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत होता. घरी कोणाला विचारू? विचारायचा तो माणूस भिंतीवर फोटोत आहे. आणि विचारायचं काय, तर माझंच चारित्र्य!

मी आणखी एका विद्वानांना गाठलं. ते म्हणाले, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, पुन्हा करा, पुन्हा पैसे भरा. नात्यातल्या एकाने जेवणाच्या पंगतीत ‘चिनी माल’ असा विनोद केला आणि चारजण हसले. त्या रात्री दिवा मालवल्यावर लेक म्हणाला, “आई, खरं सांग.” यावर मी काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही.

तुमचा पत्ता कसा मिळाला ती वेगळीच कथा, आणि लांबलचक. तुम्ही निवृत्त, तब्येत नरम, ओळख ना पाळख. तरी तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की लिहून सांगण्यात मजा नाही, बोलू. तुमच्याकडे मादागास्करच्या राजधानीत, अंतानानारिव्होत, संध्याकाळचे साडेपाच, आमच्याकडे आठ. दोन्हीकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून मी कंदील पुसून ठेवला होता.

स्क्रीनवर तुम्ही दिसलात. मी नमस्कार केला. तुम्ही मलाही मान लववलीत, पण बोलायला सुरुवात केलीत ती लेकाकडे बघून. “तुम्पुकु,” तुम्ही म्हणालात, “रिपोर्ट तुमचा आहे, तेव्हा आधी तुमची परवानगी. आईसमोर बोलू ना?”

तो गडबडला. शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, मला होता. माझा नवरा हॉटेलात थोरामोठ्यांना तसं म्हणायचा. साहेब, महाराज, असं काहीसं. आठवी-नववीतल्या पोराला, ज्याला महिनाभर लोक ‘ए चिनी’ म्हणून हाका मारत होते, त्याला सत्तरी ओलांडलेला माणूस अहो-जाहो करत होता. लेकाने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसला. सर, त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते सगळं मोलाचं होतं. पण मला विचाराल तर काम त्या एका शब्दानेच झालं होतं.

मग तुमचं पहिलं वाक्य: “तुमचे वडील मादागास्करचेच. हा कागद तेच सांगतोय.”

मी पदर तोंडाला लावला. कॅमेरा बंद करायचंही सुचलं नाही. तुम्ही पाहिलं असेल, पण पाहिल्याचं दाखवलं नाहीत.

पुढचं माझ्यापेक्षा लेकाला जास्त कळलं, तरी मला समजलं ते सांगते, कारण ‘घरी विचारून बघा’ म्हणणाऱ्यांनाही ते ठाऊक असायला हरकत नाही. मादागास्कर आफ्रिकेच्या कुशीत असलं तरी तिथली भाषा आफ्रिकेची नाही. तिची सख्खी बहीण बोर्निओत बारितो नदीच्या काठी बोलली जाते, मआन्यान नावाची, आणि हे १९५१ सालीच एका नॉर्वेजियन अभ्यासकाने दाखवून दिलंय. सात हजार किलोमीटरांहून लांब! हजार-बाराशे वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी त्या बाजूची माणसं हिंदी महासागर ओलांडून आली, आफ्रिकेतून आलेल्या माणसांशी त्यांचे संसार झाले, आणि त्यातून तुमचे लोक घडले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मालागासी, म्हणजे मादागास्करच्या, पुरुषांमध्ये आफ्रिकेच्या वंशरेषांबरोबर ओ गटाच्या दोन फांद्या सापडल्या, एम९५ आणि एम११०, आणि दोन्हींचा माग बोर्निओकडे गेला. म्हणजे पंधरा मिनिटांचे पैसे घेणाऱ्याने अर्धा तास वाचन केलं असतं तरी भागलं असतं.

लेकाच्या एम११० फांदीच्याही मागे गेलं तर एम११९ नावाची थोरली फांदी. ती तैवानच्या मूळच्या रहिवाशांत भरपूर. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी या दर्यावर्दी लोकांची सुरुवात तिथून झाली, मग फिलिपिन्स, मग बोर्निओ, सुलावेसी. एक शाखा पूर्वेला पॅसिफिकमध्ये, थेट हवाई आणि न्यूझीलंडपर्यंत, दुसरी पश्चिमेला तुमच्याकडे. लेकाने विचारलं, मग न्यूझीलंडचे माओरी माझे चुलते का? तुम्ही हसलात. म्हणालात, भाषेने नातलग जरूर, पण बापाकडच्या रेषेने बहुधा नाही. पॅसिफिकमधल्या त्या बेटांवर, पॉलिनेशियात, आयांच्या रेषा बहुतेक आशियाकडच्या, तर बापांच्या बऱ्याचशा वाटेत न्यू गिनीच्या आसपास मिळालेल्या. भाषा एका होडीतून येते, रक्त दुसऱ्या. कुठलाही नकाशा रंगवताना हे विसरू नये, असंही म्हणालात.

मग तुम्ही पंजा उघडून कॅमेऱ्यासमोर धरलात. पाचाला मालागासीत दिमी, मलायमध्ये लिमा, हवाईत लिमा, माओरीत रिमा. लेकानेही पंजा उघडला. मला स्वयंपाकघर आठवलं. माझा नवरा भाताला वारी म्हणायचा, आणि उपासाला आईने वरी शिजवली की दरवेळी तोच विनोद, “तुमच्या उपासात माझं रोजचं जेवण!” मी धीर करून विचारलं, हे दोन शब्द एकच का? तुम्ही म्हणालात, नुसत्या सारख्या आवाजावर नातं जोडू नये. माझा थोडा हिरमोड झाला. पण खोटं गोड बोलून तुम्ही मला खूश करू शकला असतात, ते केलं नाहीत, म्हणूनच आधीच्या वाक्यावर माझा विश्वास बसला.

लेकाच्या मागे खिडकीतून बाबांची होडी दिसत होती, झापांखाली ओढून ठेवलेली. तुम्ही बोलता बोलता थांबलात. चष्मा पुसलात. “ते बाजूला आडवं लाकूड, त्याला काय म्हणता?” उलांडी, लेक म्हणाला. तुम्ही तो शब्द दोनदा म्हणून पाहिलात आणि लिहून घेतलात. होडी कलंडू नये म्हणून दोन दांड्यांनी बांधलेला तो ओंडका आम्ही रोज बघतो, त्यावर कपडे वाळत घालतो. तुमच्याकडच्या लाकनालाही, म्हणजे होडीलाही, तसाच असतो, आणि ही युक्ती त्या दर्यावर्दी लोकांचीच, हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर त्यांच्यामुळेच पोचली असावी असं बरेच अभ्यासक मानतात, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे आमची उलांडी थयसून इली म्हणतत काय?” लेकाने भाषांतर केलं. तुम्ही म्हणालात, कदाचित. पण त्यावरून आजोबा आमचे नातलग ठरत नाहीत, होडी बघून शिकता येते. बाबांना हे उत्तर फार आवडलं. अजून सांगत असतात सगळ्यांना.

शेवटी लेकाने विचारलं, मग माझे पणजोबा कोण? तुम्ही सरळ म्हणालात की हे या चाचणीतून कळत नाही. दहा पिढ्या मागे गेलं तर १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात, ही रेषा त्यातल्या एकाचीच गोष्ट सांगते. बाकीच्यांत निम्मे तुमच्या आईचे, देवबागचे. म्हणजे रकान्यात नाव आलं नाही. आम्ही आत्ताही तिथे नाव लिहू शकत नाही. पण आधी ती रेघ रिकामी वाटायची, आता लेक तिला बोट लावून तैवानपासून तोआमासिनापर्यंत नेतो.

सर, तुम्ही पैसे घेतले नाहीत. घ्या म्हटलं तर म्हणालात, होडीची मापं पाठवा. आमच्याकडे पदव्या लावून बसलेली माणसं कमी नाहीत, आणि सगळीच वाईट असतात असंही नाही. पण समोर कोणाचं पोर बसलंय हे बघून बोलणारा क्वचितच भेटतो. भटजी तसे होते, आणि तुम्ही.

लेक आता तुम्हाला दादाबे म्हणणार म्हणतो. त्याचा अर्थ आजोबा हे त्याला वडिलांकडून ठाऊक होतं. बाबांची परवानगी घेतली आहे, त्यांनी मोठ्या मनाने दिली, पण ‘त्यांका दादाबे, माका आजोच’ असं बजावून.

मापं कालपासून चालली आहेत. होडीची लांबी झाली, उलांडीची झाली, दांड्यांमधलं अंतर तीनदा मोजलं आणि तीनदा वेगळं आलं. वल्ह्याचं तेवढं राहिलंय. वल्हं आणि होडी दोन्ही घेऊन बाबा पहाटेच कर्ली खाडीत गेलेत, आणि हा किनाऱ्यावर टेप हातात धरून त्यांची वाट बघतोय.

तुमची,
तुमच्या तुम्पुकुची आई