सील न फोडलेला सॅम्पल बॉक्स

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, टेंडर ड्रॉइंग सोमवारी जायचीत, शनिवारी लेकाच्या नाटकाला जमणार नाही." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

तीस वर्षं मी तुम्हा आर्किटेक्ट मंडळींच्या ऑफिसांत टाइल्स आणि वॉटरप्रूफिंग विकत फिरलो. स्पेसिफिकेशनमध्ये आपल्या मालाचं नाव यावं आणि त्याला 'ऑर इक्विव्हॅलंट'चं, म्हणजे 'किंवा तशाच दुसऱ्या मालाचं', शेपूट लागू नये, एवढ्यासाठी किती संध्याकाळी रिसेप्शनवर बसून काढल्या, ते आईला विचार.

काही तारखा माल ठरवतो. स्लॅब भरायला घेतला की मध्येच घरी निघून येता येत नाही, कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, राहतो. काँक्रीटची 28 दिवसांची ताकद विसाव्या दिवशी मागून मिळत नाही. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही. माप चुकलं की नवी काच, आणि फॅक्टरीच्या रांगेत पुन्हा शेवटचा नंबर. अशा कामासाठी रात्र गेली तर जाऊ दे. तशा रात्रींचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

बाकीच्या तारखा माणसं ठरवतात. सोमवार, महिनाअखेर, क्वार्टर एंड. तू सातवीत असताना तुमच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं, आठवतं? त्या शुक्रवारी एका ऑफिसातून फोन आला, करड्या टाइलची सॅम्पल्स आजच्या आज हवीत. मी गेलो. बुधवारी पुन्हा तिथे गेलो तर बॉक्स रिसेप्शनच्या टेबलाखाली, टेप जशीच्या तशी, वर कुणाचीतरी ओली छत्री. मी काही बोललो नाही. पुढची ऑर्डर त्यांच्याच हातात होती ना.

त्यानंतर मात्र एक प्रश्न विचारायला शिकलो: "सर, हे कोण बघणार, आणि कधी?" पुष्कळदा उत्तर यायचं, क्लायंट मीटिंग गुरुवारी आहे. मग बुधवारी दिलं तरी चालायचं. विक्री काही पडली नाही, साहेबांचं तोंड तेवढं पडलं.

तूही विचारून बघ. सोमवारी ती ड्रॉइंग उघडणार कोण? मुख्य प्लॅन, सेक्शन आणि बीओक्यू, म्हणजे माल-कामाच्या मोजमापांची यादी, पक्के असतील, तर दारं-खिडक्यांचं शेड्यूल दोन दिवसांनी पाठवलेलं चालेल का? बीओक्यू मात्र अर्धवट सोडू नकोस, त्यातली चूक पुढे सगळ्यांच्याच रात्री खाते.

आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला "सोमवारी सकाळी रेट हवेत" असा मेसेज ज्या सेल्सवाल्याला टाकतेस ना, त्याचीही कुणीतरी वाट बघतंय. तुमची घाई उतरत उतरत गोदामातल्या पोरापर्यंत जाते. मीही ती तशीच पुढे ढकलली आहे, खोटं कशाला बोलू.

माळ्यावर जुन्या सॅम्पलच्या तुकड्यांचा एक डबा सापडला. त्यांची तू घरं रचायचीस. तुझ्या लेकाने परवा त्यांचा पूल केला, मध्ये खांबच नाही. कसा उभा राहिला कोण जाणे. अजून मोडलेला नाही, शनिवारी आलीस तर बघ.

तुझा,
बाबा