मालकांना विचारलंत, आता आईला विचारा : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मायन्यात खात्याचं नाव नाही, ते राहून गेलेलं नाही. गेल्या चार महिन्यांत तीन कार्यालयांनी मला सांगितलं की परदेशात घरकामाला गेलेली बाई हा त्यांचा विषय नाही. तेव्हा ज्यांचा विषय असेल त्या मंत्र्यांनी हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजावं.

परवा मंगळवारी सकाळी मी लॅबच्या काउंटरवर होते. समोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग, आणि मोबाइलवर मेसेज आला : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. शेरा उघडून पाहिला. 'नियोक्त्याशी संपर्क साधला. कामगार महिला समाधानी असल्याचे समजले.'

कुणाकडून समजलं, साहेब? ज्यांनी आखातात घरकामाला नेलेल्या माझ्या आईचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवलाय त्यांच्याकडून. रात्री आईशी बोलले तेव्हा कळलं की तिच्याशीही 'बोलणं' झालं होतं. फोन ताईंचा, म्हणजे मालकिणीचा, स्पीकर चालू, ताई समोर सोफ्यावर. पलीकडच्या गृहस्थांनी हिंदीत विचारलं, आप खुश हैं ना? आई म्हणाली, हाँ जी. झाली चौकशी. सासूला समोर बसवून सुनेला विचारायचं, सासरी काही त्रास नाही ना, यातली गत.

आई 52 वर्षांची, चौथी पास. डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी आणि स्वयंपाक करायची, महिना 13,000 मिळायचे, दुपारी दोनला घरी असायची. त्यातल्या एका घरी नऊ वर्षं होती. त्या काका-काकूंचा मुलगा आखातात मोठ्या हुद्द्यावर. देशाचं नाव लिहीत नाही, आई अजून त्यांच्याच छताखाली आहे. त्यांना जुळं झालं. काकू म्हणाल्या, परक्या बाईच्या हातात बाळं द्यायला जीव होत नाही, तू घरचीच आहेस. महिना 25,000, राहणं-जेवण त्यांचं. बाबा गेल्यावर काढलेलं कर्ज डोक्यावर होतं. आई गेली. पेढे मीच वाटले, हेही लिहून ठेवते.

पहिले पाच महिने पैसे आले. मग तिकिटाचे, व्हिसाचे, मेडिकलचे कापून 14,000 आले. गेले सात महिने काहीच नाही, 'एकदम देऊ, तुमचेच साठतायत'. पहाटे साडेपाचला उठायचं, रात्री साडेनऊनंतर पाठ टेकायची, तीही जुळ्यांच्या खोलीत खाली गादीवर. 16 तास आणि 30 दिवस धरून मी भागाकार केला. कबूल केलेला पगार मिळाला असता तरी ताशी 52 रुपये पडले असते. इथे कल्याण स्टेशनच्या बाहेर स्कूटर लावायचेही पैसे यापेक्षा बरे सुटत असतील.

आणि हे लोक वाईट आहेत असं मला सरळ म्हणता येत नाही, हाच तर वांधा आहे. हात उगारत नाहीत. आईला 'मावशी' म्हणतात. दिवाळीला साडी घेतली. पण एकदा मावशी म्हटलं की पगार मागणारी मावशी लोभी ठरते, सुटी मागणारी मावशी कृतघ्न. आईनं दोनदा हिशेब काढला तेव्हा ताई रडल्या म्हणे, आम्ही तुम्हाला परकं मानलं का कधी? परकं मानलं असतं तर बरं झालं असतं, निदान करार केला असता. तिथल्या मंडळाच्या गणपतीला आईनं दीडशेवर उकडीचे मोदक वळले. ताईंनी फोटो टाकला, 'होममेड'. फोटोत आईचा नुसता हात आलाय, हिरव्या बांगडीवरून मी ओळखला.

मी डोंबिवलीला काकूंकडे जाऊन आले. चहा दिला, डोळ्यांना पदर लावला, म्हणाल्या त्याच्याशी बोलते. दुसऱ्या दिवशी दादांचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन : तुझ्या आईनं घर सोडलं तर पळून गेल्याची तक्रार द्यावी लागेल, तिकडचा कायदा आहे. एवढा एकच कायदा त्यांना पाठ आहे. कफील म्हणजे तिथे ठेवून घेणारा मालक, अकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना, हे मी रात्र-रात्र जागून यूट्यूबवर शिकले.

आता तुमच्या कायद्याकडे येते. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचा उत्प्रवास कायदा 1983 चा, मी जन्मले 1993 साली. दहावी न झालेल्या माणसाला ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. बाई 30 च्या वरची हवी. 275 रुपयांत दोन वर्षांचा विमा, 10 लाखांचा. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद काय, तर उत्प्रवासी संरक्षक. ऐकूनच छाती भरून येते. पण ही सगळी तटबंदी नोकरीच्या व्हिसाला. पाहुणी म्हणून व्हिजिट व्हिसावर गेलं की दरवाजा सताड उघडा. दादा म्हणाले, मावशींना एजंटबिजंट कशाला, व्हिजिटवर आणू, इथे बदलून घेऊ. तसं झालं. आणि आज तुमचे लोक मला सुनावतात, नोंदणीच नाही तर आम्ही काय करणार? चोर मागच्या दारानं येतो हे 40 वर्षं माहीत असून कुलूप पुढच्याच दाराला, आणि वर दोष चौथी पास बाईला!

बाईला संरक्षण देता येत नाही म्हणावं तर मालकिणीला मात्र देता येतं. 12 डिसेंबर 2013 ला न्यूयॉर्कमध्ये आपल्या वकिलातीतल्या एका मराठी अधिकारीबाईंना अटक झाली होती. आरोप असा होता की घरकामाच्या बाईला व्हिसाच्या कागदावर ताशी 9.75 डॉलर दाखवले आणि दुसऱ्या करारात महिना 30,000 रुपये. त्यांची झडती ज्या पद्धतीनं घेतली ते वाईटच होतं. आठवड्याच्या आत आपल्या सरकारनं निषेध म्हणून दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे बुलडोझर लावून काढले. मी तेव्हा कॉलेजात होते, मराठी मुलीचा अपमान म्हणून मीही तावातावानं भांडले. त्या घरात काम करणाऱ्या बाईचं काय, हे मला सुचलंसुद्धा नाही. माझी आई तेव्हा दुसऱ्यांची भांडी घासत होती.

जून 2024 मध्ये जिनिव्हाच्या न्यायालयानं भारतीय वंशाच्या एका गडगंज घरातल्या चौघांना, भारतातून नेलेल्या नोकरांचं शोषण केलं म्हणून शिक्षा सुनावली. कुत्र्यावरचा वर्षाचा खर्च एका नोकराच्या पगाराहून जास्त होता, असं सरकारी वकील म्हणाले होते. ते स्विस वकील. आपल्याकडचं कुणी काही म्हणालं असेल तर मला सापडलं नाही. त्याच जिनिव्हात 2011 मध्ये घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानं बाजूनं मत दिलं, आणि आजतागायत त्याला मान्यता दिलेली नाही. हात वर करायला काय लागतं?

फिलिपिन्स काही महासत्ता नाही. 2018 मध्ये त्यांच्या एका मुलीचा मृतदेह कुवेतमध्ये फ्रीजरात सापडला. त्यांनी माणसं पाठवणं थांबवलं, आणि मे महिन्यात करार करूनच सोडला : पासपोर्ट मालकाकडे नाही, मोबाइल बाईकडेच. आपण काय केलं? सप्टेंबर 2020 मध्ये, लोकांच्या नोकऱ्या जात असताना, आपल्याच सरकारनं आखातातल्या आपल्याच कामगारांचं किमान वेतन 30 ते 50 टक्क्यांनी उतरवलं. बोंब झाल्यावर 2021 मध्ये मागे घेतलं. आखातात म्हणे 90 लाख भारतीय आहेत. परदेशातून वर्षाला 100 अब्ज डॉलरहून जास्त येतात, भाषणात आकडा ऐकवून टाळ्या मिळतात. त्यात माझ्या आईचे पाच महिने आहेत. तेवढे वजा करून बोला.

आणि परदेशाचंच कशाला. इथे महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालचा. आईनं नऊ वर्षं एका घरात काम केलं, तिच्याकडे त्याचा एक चिटोरा नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं, घरकामगारांच्या कायद्यासाठी समिती नेमा. समिती! साहेब, घरात काम करणारी बाई ही नोकरदार आहे असं तुमच्यापैकी कुणाला मनातून वाटतच नाही, कारण तुमच्याही घरी एक मावशी आहे.

रागाच्या भरात मागणं राहूनच जाईल. तीन गोष्टी हव्यात : आईचा पासपोर्ट, थकलेला पगार, परतीचं तिकीट. पगाराला वेळ लागणार असेल तर पगार राहू द्या.

दिवसात पंचवीसएक मिनिटं आई त्या घराबाहेर एकटी असते. कधी आणि कुठे, ते इथे लिहीत नाही. वेगळ्या पाकिटात घालून स्पीड पोस्टानं तुमच्या कार्यालयात पाठवलं आहे, पोच माझ्याकडे आहे. तेवढं पाकीट फोडा, आणि कुणालातरी तिथे उभं करा. तिला मराठीत विचारा.

आणि हात जोडून सांगते, त्याआधी त्यांना फोन करू नका.

आपली,
एका मावशीची मुलगी
कल्याण पूर्व