नकार द्यायचा तर लेखी द्या

संपादक महोदय,
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेत, १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न पाहता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले. मराठवाड्यातल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याला पूर्वी सातबारा दाखवावा लागे, तीही अट राहिली नाही. मात्र रुग्ण अडतो तो आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलापाशी, आणि तिथला नकार बहुधा तोंडी असतो. ‘बेड नाही’, ‘पॅकेजमध्ये (योजनेतल्या उपचारांच्या यादीत) बसत नाही’, ‘सर्व्हर बंद आहे’, ‘सुनेचे नाव कार्डावर नाही’.

तोंडी नकाराची किंमत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्यावर कळते. लेखी आदेशच नाही, तर रिट अर्जात आव्हान नेमके कोणत्या आदेशाला द्यायचे? तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा, भंग, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात सांगितले. पण १९९८ च्या राम लुभाया बग्गा निकालात, सरकार आपली ऐपत पाहून उपचारखर्चाच्या परताव्याला मर्यादा घालू शकते, हेही त्याच न्यायालयाने मान्य केले. म्हणून योजनेच्या यादीत कोणते उपचार असावेत यावर भांडून सहसा हाती काही लागत नाही. यादीतला उपचार नाकारला, तर बाजू भक्कम. फक्त तो नाकारला हे दाखवता आले पाहिजे.

२०१८ च्या शिवकांत झा प्रकरणात केंद्राच्या निवृत्त अधिकाऱ्याचे बिल, रुग्णालय सरकारच्या मान्य यादीत (पॅनेलवर) नव्हते एवढ्याच कारणाने, अडवता येणार नाही असे ठरले. त्यांच्याकडे बिल होते, परताव्याचा नियम होता. फुले योजना मात्र कॅशलेस, पैसे थेट रुग्णालयाला जातात. ऊसतोड मजुराने मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन केले, की परतावा मागायला त्याला योजनेत जागाच नाही!

लेखी नकार सक्तीचा होईपर्यंत नातेवाइकांनी पुरावा स्वतःच जमवावा. दाखल होतानाच योजनेतली नोंदणी करून क्रमांक घ्यावा. उपचाराच्या पूर्वपरवानगीचा अर्ज रुग्णालयाने योजनेकडे कधी पाठवला हे विचारावे. परवानगी नाकारली असेल तर कारणाची प्रत मागावी. टेबलावरूनच परत पाठवले, तर तिथूनच योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर फोन लावून तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, कागद नंतर देता येतात. इम्प्लांट किंवा औषध बाहेरून आणायला सांगितले तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पक्के बिल, दोन्ही हवे. अनामत भरली तर पावती. ‘पावती मागितली तर ऑपरेशन लांबेल’ या भीतीने लोक गप्प बसतात, आणि तिथेच केस जाते.

पैसे घेणारे रुग्णालय खासगी अंगीकृत (योजनेत सामील झालेले) असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. जिथे इतर रुग्ण पैसे मोजतात तिथला मोफत रुग्णही ग्राहकच, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून स्पष्ट आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची.

योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीने एक छापील नमुना सक्तीचा करावा: रुग्णाचे नाव, उपचाराचा कोड, नकाराचे कारण, वेळ, सही. एक प्रत रुग्णाला, एक जिल्हा समन्वयकाला. प्रत न देणाऱ्या रुग्णालयाला दंड लावावा, आणि त्यात शासकीय रुग्णालयांनाही सूट नसावी.

– एक वकील वाचक, अंबाजोगाई