दोन पेगांचा हिशेब

नेपरविल, इलिनॉय

प्रिय सुन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलो म्हटल्यावर "दहा हजार दंड भर आणि मोकळा हो" म्हणालास. बाबा रे, इथे तसं सुटता येत नाही. पहिलाच गुन्हा म्हणून वकील कोर्टाच्या देखरेखीवर सोडवायला बघतोय, पण शिक्षा ठरण्याआधी या राज्यात दारूचं मूल्यमापन करून घ्यावंच लागतं. परवाना असलेली बाई समोर बसते आणि प्रश्न विचारते. पोलिसांचा रिपोर्ट तिच्यासमोर उघडाच असतो.

माझ्या रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा 0.16 टक्के. इथली मर्यादा 0.08, आपल्याकडे 0.03. तुमच्या मापाने पाचपटीच्या वर.

"त्या रात्री किती घेतली?" मी सवयीने म्हणालो, "दोनच." तिने ग्लास केवढा ते विचारलं. इथे एक ड्रिंक म्हणजे 14 ग्रॅम अल्कोहोल, व्हिस्की साधारण 44 मिली. आपला मोठा पेग 60चा, आणि चाळिशीच्या पार्टीत यजमान बाटली घेऊन फिरत असला की माप बघतो कोण? ती शांतपणे लिहीत गेली. दोनाचे चार झाले, चाराचे सात. वाद घालायला तोंड नव्हतं, आकडा तिच्याकडे होताच.

मग विचारलं, पूर्वीइतक्यातच चढते का आता? मी जवळजवळ अभिमानाने सांगितलं की आता चार तरी लागतात. आठवतं, हॉस्टेलवर आपण याला कपॅसिटी म्हणायचो! तिने ते व्यसनाच्या लक्षणांच्या रकान्यात लिहिलं.

सगळ्यात जड गेलं ते पुढचं. घरच्या माणसाशीही बोलतात. तुझ्या वहिनीला फोन गेला. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो, म्हणजे घालतोय असं दाखवत होतो. ती म्हणाली, "शुक्रवारी तीन. शनिवारी मी मोजत नाही." दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. आता विचार केला तर तिने आकडा कमीच सांगितला होता.

इथे चार पायऱ्या आहेत: किमान, मध्यम, लक्षणीय, उच्च धोका. नुसत्या 0.16 वर मध्यम मिळाला असता. लक्षणं निघाली, म्हणून लक्षणीय. 10 तास वर्ग, वर 20 तास उपचार, पुढे पाठपुरावा. लायसन्स सहा महिने निलंबित आहे. गाडीत यंत्र बसवून चालवायची परवानगी मिळाली. नळीत फुंकलं तरच इंजिन सुरू होतं. मागच्या सीटवरून पोरगा म्हणतो, "बाबा, फुगा फुगव."

चिंगीच्या लग्नाला येत नाही ते याचसाठी. अटकेनंतर व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल आला. इथे राहायला, नोकरीला अडचण नाही, पण एकदा बाहेर पडलो की परत यायला नवा व्हिसा, आणि त्याआधी अमेरिकन वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरची तपासणी. तेच प्रश्न पुन्हा, फक्त मुंबईत.

आईला "सुट्टी नाही" असं सांगितलंय. तू घरी गेलास तर सध्या तेच सांग. रविवारच्या फोनवर मी स्वतः बोलेन तिच्याशी. चिंगीचा आहेर मात्र तुझ्या हातून जाऊ दे, पैसे पाठवतो.

तुझा,
बंड्या