काकूंच्या खुब्याची गोष्ट

पुणे, रविवार

प्रिय बंडू,

आईच्या खुब्यातल्या कृत्रिम सांध्याची झिजलेली वाटी बदलायचीय असं कळवलं, तर "बेअरिंगच बदलायचं, मग एवढा घोर कशाला?" असं तू विचारलंस. जन्मभर माग चालवलेस, तू हेच विचारणार. मीही डॉक्टरांना तेच विचारलं होतं.

त्यांनी एक्स-रे दाखवला. आईचा २००३ सालचा धातूचा गोळा शाबूत, मांडीच्या हाडात बसवलेला त्याचा दांडा शाबूत. फक्त गोळा वाटीत जरा वर सरकलेला. त्या काळच्या प्लास्टिकची वाटी वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजायची. बावीस वर्षांत दोन मिलिमीटर, एवढंच ना? पण ती भुकटी गेली कुठे? तुझ्याकडे झाडू मारला की संपलं. इथे शरीरातल्या पेशी ते कण गिळतात, पचत नाहीत, मग चवताळून असे निरोप धाडतात की हाड खाणाऱ्या पेशी शेजारचं हाडच कुरतडू लागतात. वाटीमागे लिंबाएवढी पोकळी झालीय! दुखत नव्हतं, म्हणून सहा वर्षं आम्ही तपासणीलाच गेलो नाही. चूक आमचीच.

आता तुझ्या कामाचं. इंग्लंडात रायटिंग्टनला जॉन चार्नली नावाचा सर्जन होता. त्यानं आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या, सुमारे ३०० माणसांना. दोन-तीन वर्षांत त्या झिजल्या, भोवती गाठी झाल्या, जवळजवळ साऱ्या काढाव्या लागल्या. पठ्ठ्यानं टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून पाहिलं! १९६२ मध्ये एक विक्रेता लँकेशायरच्या मागांची दातेरी चाकं ज्याची व्हायची ते पॉलिइथिलीन नावाचं प्लास्टिक घेऊन आला. चार्नलीनं नखानं दाबून पाहिलं नि नको म्हणाला. चार्नली परगावी गेल्यावर क्रेव्हन या त्याच्या तंत्रज्ञानं तुकडा झीज तपासायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही टेफ्लॉन एका दिवसात झिजे तेवढाही तो झिजला नाही. म्हणजे आईच्या खुब्यात तुमच्या मागाचाच माल आहे, लेका.

नवी वाटी त्याच जातीची, पण किरणांनी तिचे रेणू एकमेकांत घट्ट गुंफलेले. झीज खूपच कमी. पोकळीत दुसऱ्याचं हाड भरणार, वेळ त्यातच जाणार. आईची काळजी एकच: देवापुढे मांडी घालता येईल का? डॉक्टर म्हणाले, "खुर्ची." तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही.

गुरुवारी ऑपरेशन आहे. जुनी वाटी मागून घेणार आहे. धोट्याला ठोसा देणारा तुमच्या मागाचा पिकर असाच एका बाजूनं झिजतो का, ते बघून सांग. येताना भडंग आण, आईनं मुद्दाम सांगितलंय.

तुझा,
अण्णा